अंगठीतला खडा ‘फेनाकाइट’ निघाला! हा पाचूच्या घरातला की गारगोटीच्या?

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथं सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारते.

सासऱ्यांची एक अंगठी आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी गुरूसाठी म्हणून ‘पांढरा पुष्कराज’ सांगून कुणीतरी त्यांना दिलेला खडा. गेल्या महिन्यात कोंदण सैल झालं म्हणून दुरुस्तीला नेली. दुकानातल्या काकांनी भिंग लावलं, खडा दोनदा फिरवला आणि म्हणाले, “वैनी, ह्यो पुष्कराज न्हवं, स्फटिक हाय.” सासूबाईंचा चेहरा पडला. दीर मुंबईला असतो, त्यानं खडा तिकडं लॅबमध्ये दिला. कार्ड आलं तर त्यावर ना पुष्कराज, ना स्फटिक! लिहिलंय: फेनाकाइट, बेरिलियम सिलिकेट, ३.२० कॅरेट, रंगहीन, अपवर्तनांक १.६५४ ते १.६७०.

माझं शिक्षण कॉमर्सचं. तर प्रश्न असे. बेरिलियम आहे म्हणजे हा पाचूच्या, वैडूर्याच्या घरातला का? की सिलिकेट म्हणजे गारगोटीचाच भाऊ? आणि कार्डावर विश्वास आहे, पण काका अजून “स्फटिकच हाय” म्हणून अडून बसलेत. त्यांना पटेल असं काही घरच्या घरी करून दाखवता येईल का?

निपाणीचा_बाप्या
चाळीस वर्सं गुरूनं फळ दिलं का न्हाई ते सांगा आदी. दिलं आसंल तर खड्याचं नाव कशाला उकरायलाय?

शहापूरची_सून
@बाप्या, दोन पोरींची लग्नं झाली, घर बांधलं, रिटायर झाले. फळ कुणी दिलं ते गुरूला माहीत.

गारगोटी_मास्तर
वा, बऱ्याच दिवसांनी दगडाचा धागा आला. मी पस्तीस वर्षं भूगोल-विज्ञान शिकवलं, दगड गोळा करणं हा जुना नाद. जरा पाल्हाळ लावतो.

आधी त्या काकांची बाजू घेतो. या खनिजाचं नावच ‘ठक’ असं आहे. रशियातल्या उरल पर्वतात ताकोवाया नदीकाठी पाचूच्या खाणी आहेत. तिथला हा दगड लोक क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी किंवा स्फटिक, समजून बाजूला टाकत. १८३३ मध्ये नॉर्डेनशॉल्ड नावाच्या फिनलंडच्या खनिजतज्ज्ञानं ओळखलं की हा वेगळाच आहे, आणि ग्रीक भाषेतल्या ‘फेनाक्स’ म्हणजे फसवणारा या शब्दावरून नाव ठेवलं. (याच गृहस्थांचा मुलगा पुढे ‘व्हेगा’ जहाजातून आशियाच्या उत्तरेकडून समुद्रमार्गे गेला, १८७८-७९ साली. बाप दगडात, लेक बर्फात.) तेव्हा भिंगातून बघून काका चुकले यात त्यांची अब्रू जायचं कारण नाही.

आता गुण बघा. कठीणपणा साडेसात ते आठ. स्फटिकाचा सात, पुष्कराजाचा (टोपाझचा) आठ. म्हणजे ओरखड्यावरून ठरवायला गेलात तर नुसता घोटाळा, शिवाय खडा खराब होईल, करू नका. चमक काचेसारखी, तीही स्फटिकासारखीच. खऱ्या पुष्कराजाला एक खोड असते, ठरावीक पातळीत एक टोला बसला की सरळ चिरतो. याला तसं पाटन ठळक नाही, फुटला तर शिंपल्यासारखा खोलगट फुटतो. हेही स्फटिकासारखंच. फसवणार नाही तर काय करणार बिचारा!

फसत नाही ते दोन ठिकाणी. एक, प्रकाश वाकवणं: स्फटिकाचा अपवर्तनांक १.५४४ ते १.५५३, तुमच्या कार्डावर १.६५४ च्या पुढं. हे अंतर फार मोठं आहे, रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो ते मोजायचं यंत्र) नवशिक्यालाही दिसतं. दुसरं म्हणजे वजन. स्फटिक पाण्याच्या २.६५ पट जड, फेनाकाइट साधारण २.९६ पट. काकांना पटवायचं तर हाच रस्ता. काटा त्यांच्याकडं आहेच.

मांडेवाली_मावशी
मास्तर, वैडूर्य म्हणजे लसण्या ना? मांजराच्या डोळ्यासारखा? तो आणि पाचू एका घरातले कसे काय?

गारगोटी_मास्तर
मावशी, बाजारात लसण्यालाच वैडूर्य म्हणतात खरं, पण खनिजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत वैडूर्य हा शब्द बेरिलला वापरतात. हिरवं बेरिल म्हणजे पाचू, निळसर ते ॲक्वामरीन. गंमत म्हणजे ‘बेरिल’ हा शब्द ग्रीकात गेला तो आपल्याकडच्या प्राकृत ‘वेरुलिय’ वरून, आणि वेरुलिय म्हणजेच वैडूर्य. जर्मन लोक चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात तेही याच बेरिलवरून.

निपाणीचा_बाप्या
म्हंजे बेरिलियम आपल्याच बाजूचं निघालं की भावा! नाद खुळा.

अनगोळ_अण्णा
उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं काढली म्हणून एक सांगतो. बेरिलियम नाव ऐकलं की आम्ही दोन पावलं मागं. तांब्यात दोनेक टक्के बेरिलियम घातलं की स्प्रिंगा भारी होतात, ठिणगी न उडणारी हत्यारं होतात. पण त्याची धूळ किंवा वाफ छातीत गेली की फुप्फुसाचा कायमचा आजार लागू शकतो, आणि तो कधी कधी कैक वर्षांनी डोकं वर काढतो. ताई, अंगठी घाला खुशाल, पैलू पाडलेल्या खड्यातनं काही बाहेर येत नाही. पण कुणी “जरा घासून पॉलिश मारून देतो” म्हटलं तर कोरडं घासू देऊ नका.

शहापूरची_सून
बापरे. हे कार्डावर कुठं लिहिलेलं नाही. काकांना आजच सांगते.

मांडेवाली_मावशी
आणि लहान पोरं तोंडात घालतील असं ठेवू नको गं बाई.

अनगोळ_अण्णा
मावशी, आणखी एक ऐका. व्होकलँ नावाच्या फ्रेंच माणसानं १७९८ साली पाचू आणि बेरिलमधून हे मूलद्रव्य शोधलं. त्याचे क्षार चवीला गोड, म्हणून बरीच वर्षं त्याचं एक नाव ‘ग्लुसिनियम’ होतं. चाखून नाव ठेवायचा जमाना.

गोकाक_करदंट
गोड म्हणजे कुंद्यासारखं का करदंटासारखं?

मांडेवाली_मावशी
करदंट काय गोड असतो? डिंक आणि सुकामेवा चावून दात दुखतात. गोड म्हणजे कुंदा. आणि खरं गोड म्हणजे मांडे.

गोकाक_करदंट
मावशी, गोकाकला या एकदा. धबधबा पण दाखवतो, करदंट पण खाऊ घालतो, मग बोला.

मलप्रभाकाठ
कुंदा बाजूला ठेवा गा जरा. मी खानापूरकडचा. नदीच्या वाळूत एक पांढरा, आरपार दिसणारा दगड घावलाय, लिंबाएवढा. ह्यो पण फेनाकाइट असंल काय? आसला तर किती येतील?

गारगोटी_मास्तर
@मलप्रभाकाठ, खोटी आशा लावत नाही. बेरिलियमची खनिजं बहुतेक ग्रॅनाइटशी नातं सांगणाऱ्या पेग्मटाइटच्या (मोठमोठ्या स्फटिकांचा खडक) शिरांत, नाहीतर उरलसारखी त्या शिरांच्या कडेच्या अभ्रकी खडकांत मिळतात. देशात बेरिल म्हटलं की राजस्थान, झारखंडचा कोडर्मा, आंध्रातलं नेल्लोर. आपल्याकडं बेळगावाभोवती काळा बसाल्ट आणि वर जांभा, गोकाकचा धबधबा पडतो तो कलादगीच्या वालुकाश्मावरून, तुमच्या खानापूर बाजूला जुने धारवाडी खडक आणि त्यातल्या गारेच्या शिरा. नदीत आरपार पांढरा दगड म्हणजे शंभरात नव्व्याण्णव वेळा गारगोटी. तरी ताईंचा प्रयोग झाला की तुमचाही करू.

घटप्रभा_पॅसेंजर
एम.एस्सी. जिऑलॉजी, दुसरं वर्ष. मूळ प्रश्न घराचा होता, त्याला कुणी हातच घातला नाही, म्हणून लिहितो.

खनिजांचं घर त्यात कुठलं मूलद्रव्य आहे यावरून ठरत नाही. सिलिकेट, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनवर उभं खनिज, असेल तर सिलिकॉनभोवतीचे चार ऑक्सिजन, म्हणजे एक चतुष्फलक, शेजारच्या चतुष्फलकाशी कसा जोडलाय ते बघतात. त्या हिशेबानं बेरिलियमवाल्यांची पांगापांग बघा. बेरिलमध्ये सहा-सहा चतुष्फलकांची कडी असते, म्हणून ते वलय सिलिकेट. बर्ट्रांडाइटमध्ये दोन-दोनच्या जोड्या. फेनाकाइट आणि युक्लेजमध्ये सिलिकॉनचा प्रत्येक चतुष्फलक एकटा, दुसऱ्या सिलिकॉनला कुठं शिवत नाही, म्हणून ते द्वीप सिलिकेट. आणि मावशींचा लसण्या म्हणजे क्रायसोबेरिल, त्यात बेरिलियम आहे पण सिलिकॉनच नाही, तो ऑक्साइडांच्या वाड्यात.

त्यामुळे ताई, पाचूच्या घरातला? नाही. गारगोटीच्या? तेही नाही. खरा सख्खा भाऊ विचाराल तर विलेमाइट, त्यात बेरिलियमच्या जागी जस्त आहे, रचना तीच. दोघांची रचना ब्रॅग आणि झाखारियासेन यांनी १९३० मध्ये एकाच लेखात मांडली.

मांडेवाली_मावशी
कळलं. आडनाव एक म्हणून भाऊबंद नसतात, आमच्या गल्लीत तीन पाटील आहेत, एकमेकांच्या घरचं पाणी पण पीत नाहीत.

घटप्रभा_पॅसेंजर
मावशी, एम.एस्सी.ला हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

गारगोटी_मास्तर
पॅसेंजर, उत्तम लिहिलंस, पण ‘द्वीप’ म्हणून सोडून देऊ नकोस. बेट म्हटलं की भोवती पाणी लागतं. इथं सिलिकॉनच्या बेटाभोवती काय आहे? बेरिलियम, आणि तोही चार ऑक्सिजनच्या मधोमध, म्हणजे तोही चतुष्फलकच! सिलिकॉनचे आणि बेरिलियमचे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा लावून सगळीकडं जोडलेत. बेट कसलं, अखंड चाळ आहे ती. मला तर हे खनिज जाळीदार, क्वार्ट्झच्या बाजूचं वाटतं.

घटप्रभा_पॅसेंजर
सर, मोजायचं काय यावर सगळं आहे. फक्त सिलिकॉन मोजलात तर बेट, दोन्ही मोजलेत तर जाळी. पण क्वार्ट्झसारखी जाळी नव्हे. क्वार्ट्झमध्ये एक ऑक्सिजन दोन चतुष्फलकांत वाटलेला असतो. फेनाकाइटमध्ये तो तिघांत वाटलेला: एक सिलिकॉन, दोन बेरिलियम. हिशेबही चोख बसतो. सिलिकॉनचे चार भार चौघांत, म्हणजे प्रत्येकी एक. बेरिलियमचे दोन चौघांत, प्रत्येकी अर्धा. एक अधिक अर्धा अधिक अर्धा, दोन. ऑक्सिजनला दोनच पाहिजे असतात. कॉमर्सवाल्या ताईंनाही ताळेबंद आवडेल!

स्ट्रुन्ट्झच्या वर्गीकरणात, म्हणजे खनिजांच्या घराण्यांच्या यादीत, याचा नंबर ९.एए.०५. यातला दुसरा ‘ए’ म्हणजे, बाकीचे धातूही चतुष्फलकात बसलेत. बेटांच्या यादीत घातलंय, पण तुमचा मुद्दा समासात मान्य केलाय.

निपाणीचा_बाप्या
म्हंजे यादीत एकीकडं आणि नातंगोतं दुसरीकडं? ह्यो खडा सीमाभागातलाच हाय म्हणा की!

नियंत्रक
😀 बाप्या, हशा मंजूर. पण इथून पुढं राजकारण नको, दगडावर बोला.

गारगोटी_मास्तर
पॅसेंजर, ताळेबंद मान्य. आणि त्यातच वजनाचं कोडं सुटतं बघ. बेरिलियम तर सिलिकॉनपेक्षा कितीतरी हलका, तरी फेनाकाइट स्फटिकापेक्षा जड का? तिघांत वाटून घेतल्यामुळं ऑक्सिजन दाटीवाटीनं बसलेत. माल हलका, पण भरणी घट्ट.

अनगोळ_अण्णा
बरं, यात बेरिलियम किती टक्के?

घटप्रभा_पॅसेंजर
वजनानं सुमारे १६. बेरिलमध्ये ५. तरी कुणी फेनाकाइट खणायला जात नाही, कारण ढीगभर मिळतच नाही. अमेरिकेत युटातल्या स्पॉर माउंटनला बर्ट्रांडाइट खणतात, बाकी ठिकाणी बेरिल.

गोकाक_करदंट
बेरिलियम अणुऊर्जेत लागतं म्हणे. अंगठी घरात ठेवली म्हणून कुणी चौकशीला येईल काय?

घटप्रभा_पॅसेंजर
ती भानगड खाणींच्या कायद्याची, अंगठीची नव्हे. बेरिल वगैरे खनिजं अणुखनिजांच्या यादीत होती. २०२३ च्या दुरुस्तीत बेरिलियम, लिथियम धरून सहा खनिजं त्या यादीतून काढली.

गारगोटी_मास्तर
ताई, आता प्रयोग. काट्यावर छोटा काचेचा पेला पाण्यानं अर्धा भरून ठेवा, काटा शून्यावर आणा. खडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, बुडाला आणि कडेला टेकू द्यायचा नाही. हात स्थिर. काटा जो आकडा दाखवेल तेवढं वजन खड्यानं पाण्यात गमावलं. मूळ वजनाला त्यानं भागा.

३.२० कॅरेटचा स्फटिक असेल तर काटा १.२१ दाखवेल. पुष्कराज असेल तर ०.९१ च्या आसपास. फेनाकाइट असेल तर १.०८.

शहापूरची_सून
करून आले! काका, त्यांचा मुलगा, दोन गिऱ्हाइकं आणि मी. सगळे श्वास रोखून. काटा आला १.१५. भागाकार २.७८. काका म्हणाले, “स्फटिक न्हाई हे मान्य. पण तुमचं फेना-काय ते पण न्हाई.” मी गुगल केलं तर २.७८ ला बेरिल बसतंय! म्हणजे लॅब चुकली?

मांडेवाली_मावशी
अगं बाई, म्हणजे पांढरा पाचूच की तो!

घटप्रभा_पॅसेंजर
थांबा थांबा. बेरिलचा अपवर्तनांक १.५७ ते १.६० च्या पट्ट्यात. कार्डावर १.६५४. दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलतायत, तर आधी दुसऱ्याची उलटतपासणी करा. दोन सेंटिग्रॅमसुद्धा नसलेली चूक आहे ही, सात सेंट (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) म्हणजे १४ मिलिग्रॅम.

गारगोटी_मास्तर
बुडबुडा! ताई, खड्याच्या पैलूंना किंवा दोऱ्याच्या गाठीत हवा चिकटलेली होती का? बुडबुडा खड्याला वर ढकलतो, काटा जास्त दाखवतो आणि खडा आहे त्यापेक्षा हलका भासतो. पाणी उकळून गार करून घ्या, म्हणजे त्यातली हवा जाईल. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला. आणि गाठ लहान बांधा.

घटप्रभा_पॅसेंजर
आणि आणखी एक. कार्डाच्या आकड्यांवर नुसतं जायचं तर युक्लेजही १.६५२ ते १.६७१ देतं, म्हणजे जवळजवळ तेच. पण ते जरा जड, ३.०९ च्या आसपास. तुमच्या काट्यावर १.०४ येईल. फरक फक्त चार सेंटचा. म्हणून एकदा नको, तीनदा मोजा.

निपाणीचा_बाप्या
च्यायला, चार सेंटावर खानदान ठरायलंय.

मलप्रभाकाठ
माझा दगूड पण घेऊन जा की वैनी, उद्या शहापुरात येतोय.

शहापूरची_सून
झालं. पाणी घरून उकळून बाटलीत नेलं. पहिल्या दिवशी दोरा शिवणाचा जाडा होता, त्याच्या गाठीत साबुदाण्याएवढा बुडबुडा दिसत होता, आम्हीच लक्ष दिलं नव्हतं. आज नायलॉन, साबणाचा थेंब, पंखा बंद. १.०८. १.०९. १.०८.

३.२० भागिले १.०८, २.९६!

काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग ड्रॉवरमधून स्वतःचा एक ‘स्फटिक’ काढला आणि म्हणाले, “ह्यो पण घाला बघू पाण्यात.” तो २.६५ निघाला. मग आणखी एक. दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि आम्ही खडे बुडवतोय.

मलप्रभाकाठ
माझं काय झालं ते सांगा की.

शहापूरची_सून
४१.३० ग्रॅम, पाण्यात १५.६० ग्रॅम गमावलं.

गारगोटी_मास्तर
२.६५. गारगोटी. पण आरपार दिसणारी, लिंबाएवढी, स्वच्छ गारगोटी काही वाईट नसते. मला दाखवाल का एकदा?

मलप्रभाकाठ
या की खानापूरला. चहा पाजतो. दगूड देत न्हाई पण.

मांडेवाली_मावशी
सासूबाई काय म्हणाल्या ते सांग आधी.

शहापूरची_सून
आधी विचारलं, नावाचा अर्थ काय. मी सांगितलं, ठक. त्या सासऱ्यांकडं बघून इतक्या हसल्या की मला पाणी आणून द्यावं लागलं. आता म्हणतायत अंगठी मोडायची नाही, तसंच नवं कोंदण करा.

काकांपुढं वेगळीच अडचण. पावतीवर काय लिहायचं? ‘फेनाकाइट’ तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, “पांढरा खडा, १ नग.”

गारगोटी_मास्तर
वजन लिहिलं ना पण?

शहापूरची_सून
दोन्ही. हवेतलं आणि पाण्यातलं.